घरी बनवलेल्या कपाटाच्या दारात काच बसवायची तर कामाचा क्रम असा ठेवा

घरी कपाटाची दारं बनवणाऱ्यांचं गाडं बहुतेक वेळा काचेपाशी येऊन अडतं. फ्रेम झकास होते, जोड बरे येतात, आणि मग कापून आणलेली काच खाचेत जातच नाही, किंवा जाते पण दार उघडलं की खुळखुळ वाजते, किंवा सगळं नीट बसतं आणि काही महिन्यांनी एका कोपऱ्यातून तडा निघतो. हात कसलेला आहे की नाही याचा यात फारसा संबंध नसतो, क्रम चुकलेला असतो. काच आधी मागवली, पॉलिश शेवटी केलं, बिजागरीचं भोक काच बसल्यावर पाडलं, असलं काहीतरी.

तेव्हा एवढं धरून ठेवा की काचेचं माप फ्रेम पूर्ण झाल्यावर घ्यायचं आणि काच बाकीची सगळी कामं आटपल्यावरच बसवायची. खालचे टप्पे त्याच हिशोबाने लावलेत, मधला एखादा पुढे ढकलला तर पुढच्याचं गणित बिघडतं.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच दार धरतो: बाहेरून ४०० मिमी रुंद, ७०० मिमी उंच, पट्ट्या ६० मिमी रुंद आणि २२ मिमी जाड, काच ४ मिमी. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदला, फरक तेच ठेवा.

१. आधी कागदावर: पट्टी किती रुंद, खाच किती खोल

काच बसते ती फ्रेमच्या मागच्या बाजूला आतल्या कडेने काढलेल्या खाचेत, सुतार तिला रिबेट म्हणतात. समोर लाकडाचा एक ओठ राहतो, काच मागून त्या ओठावर टेकते आणि तिच्या मागे बारीक बिडिंग पट्टी मारतात. एवढंच काम आहे. पण ही खाच किती रुंद आणि किती खोल हे लाकूड कापायच्या आधी ठरलं पाहिजे, कारण पट्टीची रुंदी त्यावर अवलंबून असते.

खाचेची रुंदी १० मिमी धरा. खोली म्हणजे काच अधिक मऊ थर अधिक बिडिंग. ४ मिमी काच, तिच्याखाली फोम टेप किंवा सिलिकॉनचा साधारण १ मिमी, आणि वर ७ मिमी जाडीची बिडिंग, झाले १२ मिमी. २२ मधून १२ गेले की समोरचा ओठ १० मिमी उरतो, तो मजबूत आहे. १८ मिमी लाकडात हेच केलं तर ओठ ६ मिमीचा राहील, चालेल, पण मग कोपऱ्याचा जोड आणखी पक्का हवा.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा. आतली कप बिजागरी वापरणार असाल, जिला ऑटो हिंज म्हणतात, तर तिच्या कपाला ३५ मिमीचं भोक लागतं आणि ते दाराच्या बाहेरच्या कडेपासून साधारण ५ मिमी आत सुरू होतं. म्हणजे कडेपासून ४० मिमीपर्यंत लाकूड गेलंच. पट्टी ५० मिमीची आणि खाच १० मिमीची असेल तर भोक आणि खाच एकमेकांना टेकतात आणि मधे उरतं शून्य. म्हणून उभ्या पट्ट्या ६० मिमीच्या घ्या, मधे १० मिमी लाकूड राहतं. बारीक पट्ट्यांचं नाजूक दार हवंच असेल तर कप बिजागरीचा नाद सोडा आणि कडेला बसणारी साधी बिजागरी लावा.

लाकूड वाळलेलं आणि सरळ रेषांचं, म्हणजे तंतू लांबीच्या दिशेने सरळ गेलेलं, घ्या. कापण्याआधी काही दिवस त्याच खोलीत पडू द्या जिथे कपाट राहणार आहे. एका टोकाकडून पट्टीच्या कडेवरून डोळा लावून बघा, वाक असेल तर तिचे लहान तुकडे आडव्या पट्ट्यांना वापरा. प्लायच्या पट्ट्याही चालतात, फक्त खिळ्याला आधी भोक पाडलं नाही तर थर सुटतात. एमडीएफची कड खिळ्याने फुगते, तिथे बारीक स्क्रूच बरे.

२. फ्रेम जोडणं

जोड कुठला करायचा हा तुमच्याकडच्या हत्यारांचा प्रश्न आहे. कुसू घालून, म्हणजे एका पट्टीची जीभ दुसरीच्या भोकात बसवून, केलेला जोड सगळ्यात चांगला, दोन्ही पट्ट्या निम्म्या निम्म्या कापून एकावर एक बसवलेला हाफ लॅपही काचेच्या दाराला भरपूर होतो. नुसता ४५ अंशात कापून गोंद लावलेला कोपरा मात्र काचेचं वजन फार काळ पेलत नाही, आतून काहीतरी आधार द्यावा लागतो.

वजन किती ते बघू. ४ मिमी काच दर चौरस मीटरला १० किलो भरते. आपल्या दारात साधारण ३०० बाय ६०० ची काच, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. फार नाही, पण ते रोज उघडझाप होताना एका बाजूने लटकलेलं असतं.

थांबा: मागून तिरके स्क्रू मारून जोड करत असाल तर स्क्रू आतल्या कडेपासून निदान २० मिमी लांब ठेवा. पुढच्या टप्प्यात तिथूनच राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने खाच काढणारं हत्यार, जाणार आहे आणि त्याचा बिट (पातं) स्क्रूवर आदळला तर बिट गेला आणि नशीब वाईट असेल तर हातालाही लागलं.

गोंद लावून क्लॅम्प आवळले की लगेच दोन्ही कर्ण मोजा. गोंद ओला असतानाच फ्रेम हलते, वाळल्यावर नुसतं बघत बसायचं. कर्णात १ मिमीपर्यंत फरक असेल तर विसरून जा. जास्त असेल तर लांब कर्णाच्या दिशेने एक क्लॅम्प लावून हळू हळू आवळा. नुसता काटकोन तपासायचा गुण्या एका कोपऱ्याला लावून समाधान मानू नका, एक कोपरा बरोबर असून दुसरा चुकलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट पीळ. फ्रेम सपाट टेबलावर ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून दाबा. एखादा कोपरा टक टक वाजला तर फ्रेमला पीळ आहे. क्लॅम्प एकाच बाजूने आवळले की असं होतं, एक वरून एक खालून लावले की बहुतेक वेळा सुटतं. पीळ काच बसवून सरळ होईल असं काही जणांना वाटतं. काच सरळ करत नाही, ती ताणाखाली गप्प राहते आणि कधीतरी दार जरा जोरात लागलं की तडकते. आधी म्हटलेला महिन्यांनी निघणारा तडा बऱ्याचदा हाच.

तपासा: दोन्ही कर्ण, चारही कोपरे, आणि कोपऱ्यांत आतल्या बाजूला सांडलेला गोंद. गोंद रबरासारखा झाला की पटाशीने उचलून टाका, दगड झाल्यावर जास्त त्रास देतो.

३. खाच काढणं

राउटर असेल तर फ्रेम जोडून झाल्यावर खाच काढणं नवख्यांना सोपं जातं. जोडण्याआधी काढली तर उभ्या पट्टीच्या टोकापर्यंत खाच जाते आणि जोडाच्या जागी भोक दिसतं, ते टाळायला मग आडव्या पट्टीचा कुसूही त्या मापात खालीवर कापावा लागतो.

फ्रेम पालथी घालून टेबलाला घट्ट बांधा. बेअरिंग (लाकडाच्या कडेला टेकून फिरणारी चकती) असलेला रिबेट बिट लावा, आणि १२ मिमी एकदम न घेता ४-४ मिमीच्या तीन फेऱ्यांत घ्या. दिशा महत्त्वाची आहे, हातातला राउटर फ्रेमच्या आतल्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. बाहेरची कड असती तर उलट. चुकीच्या दिशेने नेला तर राउटर स्वतःच पुढे पळतो आणि कड ओरबाडत जातो.

कोपरे गोल राहतील, ते राहणारच. तिथे पेन्सिलीऐवजी कटरने काटकोनी रेघ ओढा आणि धारदार पटाशीने चौकोनी करा. आधी रेषांना आडवा घाव, मग रेषांच्या दिशेने पातळ पातळ सोलून काढा. एकदम खोल मारलं तर कोपऱ्यातून ओठ फुटतो आणि तो समोरून दिसतो.

राउटर नसेल तर खाच कापायचीच नाही, बांधायची. फ्रेम दोन थरांची करा, समोरचा थर १० मिमी जाड आणि ६० मिमी रुंद पट्ट्यांचा, मागचा १२ मिमी जाड आणि ५० मिमी रुंद पट्ट्यांचा, बाहेरच्या कडा दोन्हीच्या एकसारख्या. आतल्या बाजूला १० मिमीची पायरी आपोआप तयार होते, तीच तुमची खाच. समोरच्या थरात उभ्या पट्ट्या पूर्ण उंचीच्या घ्या आणि मागच्या थरात आडव्या पट्ट्या पूर्ण रुंदीच्या, म्हणजे कोपऱ्यात थर एकमेकांवर चढतात आणि हाफ लॅपसारखाच जोड मिळतो. ज्यांच्याकडे फक्त करवत, गोंद आणि क्लॅम्प आहेत त्यांनी ही पद्धत करावी असं मला वाटतं, राउटर विकत घेऊन पहिल्याच दारावर शिकत बसण्यापेक्षा हे बरं.

तपासा: खाचेच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरून सरकवा. भुसा, गोंदाचा थेंब, पटाशीने राहिलेली टोकं, काहीही पट्टीला अडलं नाही पाहिजे. काचेखाली एका ठिकाणी उंचवटा राहिला की सगळा दाब त्याच ठिकाणी येतो.

४. बिजागरी, हँडल आणि एकदा रिकामं टांगणं

हा टप्पा लोक उडवतात. काच नसताना दार हलकं असतं, टेबलावर उलटसुलट करता येतं, ड्रिल दाबता येतं. म्हणून बिजागरीची भोकं, हँडलचं भोक, मॅग्नेट किंवा कुलपाची जागा, सगळं आत्ताच.

कपाचं भोक साधारण १२ मिमी खोल लागतं, पण हातातल्या बिजागरीचा कप मोजून घ्या आणि ड्रिल बिटला टेप गुंडाळून खूण करा. समोरून भोक बाहेर आलं तर त्याला इलाज नाही. दार ९०० मिमी उंचीपर्यंत असेल तर दोन बिजागऱ्या साधारणपणे पुरतात, त्याहून उंच किंवा बरंच रुंद असेल तर तिसरी लावा.

मग रिकामी फ्रेम कपाटाला टांगा. सगळीकडे सारखी फट येते का, दार पूर्ण उघडतं का, शेजारच्या दाराला घासतं का ते बघा. घासत असेल तर आत्ता रंधा मारता येतो. काच बसल्यावर रंधा मारणं म्हणजे प्रत्येक झटक्याला देवाचं नाव घेणं.

५. काचेचं माप

आता मोजायचं. ओठाच्या आतलं, म्हणजे आरपार दिसणारं माप घ्यायचं नाही, खाचेच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्यायचं. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी, उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. प्रत्येकी सगळ्यात लहान आकडा धरा आणि त्यातून ३ मिमी वजा करा.

आपल्या दारात आरपार २८० बाय ५८०, खाचेत ३०० बाय ६००, काच २९७ बाय ५९७. चारही बाजूंनी दीड दीड मिमी मोकळी जागा. ही फट लाकडाला लागते, कारण दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, काच मात्र जिथल्या तिथे. फट ठेवली नाही तर फुगलेली पट्टी काचेच्या कडेला दाबते. आणि काच एका बाजूला पूर्ण सरकली तरी दुसरीकडे ७ मिमी ओठाखाली राहतेच, तेव्हा ती बाहेर पडेल ही भीती नको.

आकड्यांवर विश्वास टाकण्याआधी हार्डबोर्ड किंवा जाड पुठ्ठ्याचा त्याच मापाचा नमुना कापा आणि खाचेत टाका. तो सहज पडला पाहिजे, दाबावं लागता कामा नये. एखाद्या कोपऱ्यात अडला तर तिथे फ्रेम गुण्यात नाही किंवा कोपरा अजून गोल आहे, जे असेल ते दुरुस्त करा. फ्रेम थोडी तिरकी झालीच असेल तर नमुना त्या आकाराला कापून तोच काचवाल्याकडे द्या आणि त्यावर समोरची बाजू कुठली ते मोठ्या अक्षरांत लिहा.

दोन दारं सारखी दिसतात म्हणून एकच माप दोनदा देऊ नका. प्रत्येक दार वेगळं मोजा आणि नमुन्यावर नंबर टाका.

काच मागवताना एवढं स्पष्ट लिहून द्या: रुंदी कुठली, उंची कुठली, जाडी, आणि कडा घासून हव्यात हे. उभ्या रेघांची काच असेल तर रेघा उंचीच्या दिशेने पाहिजेत हे वेगळं सांगा, नाहीतर आडव्या रेघांची काच घेऊन घरी याल आणि ती फिरवून बसणार नाही.

साधी की टफन, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली? लहान मुलांच्या हाताला लागणारं, खालच्या कपाटाचं किंवा मोठं दार असेल तर टफन घ्या. ती फुटली तर बोथट बारीक तुकडे होतात, साध्या काचेसारखे सुऱ्या होत नाहीत. पण टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता, घासता किंवा तिला भोक पाडता येत नाही. १ मिमी मोठी आली तरी ती फुकट गेली. म्हणजे टफन घेणाऱ्यांनी नमुन्याचं काम दुप्पट मनावर घ्यावं. तिच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा शिक्का असतो, तो कुठल्या कोपऱ्यात हवा ते आधीच सांगा, खाली बिजागरीच्या बाजूला असला की नजरेत येत नाही.

ॲक्रिलिक लावायचा विचार असेल तर ते हलकं आहे आणि काचेसारखं सहज फुटत नाही, पण ओरखडे पटकन पडतात आणि उष्णतेने काचेच्या कितीतरी पट जास्त पसरतं, त्याला फट जास्त ठेवावी लागते.

६. बिडिंग कापणं

काच येईपर्यंत बिडिंग कापून घ्या. काचेच्या जागी तोच नमुना खाचेत ठेवायचा, तो काचेपेक्षा पातळ असेल तर खाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून उंची बरोबर करा.

बिडिंगची जाडी ७ मिमी, रुंदी ९ ते १० मिमी. रुंदी खाचेपेक्षा जास्त असली तर ती समोरून काचेतून ओठाच्या पलीकडे दिसते, आणि मग दाराच्या आत आणखी एक दार असल्यासारखं दिसत राहतं. कोपरे ४५ अंशात. आधी वरची आणि खालची आखूड पट्टी कापून बसवा, मग लांबच्या दोन. लांबची पट्टी मापापेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवली तर मधे किंचित वाकवून दोन्ही टोकं बसवता येतात आणि सोडल्यावर कोपरे गच्च मिळतात. अर्ध्याहून जास्त नको, त्याने फ्रेमचेच कोपरे उघडतात.

खिळ्यांची भोकं याच वेळी पाडा. बिडिंगला बाहेर काढून १ मिमीच्या बिटने, टोकापासून साधारण ४० मिमीवर पहिलं आणि मग १२० ते १५० मिमी अंतराने. एवढा बारीक बिट नसेल तर त्याच खिळ्याचं डोकं पक्कडीने तोडून तो ड्रिलमध्ये लावा, काम होतं. प्रत्येक तुकड्याच्या काचेकडच्या बाजूला नंबर टाका आणि फ्रेमच्या खाचेतही तोच नंबर. चारही पट्ट्या सारख्या दिसतात, पण जागा बदलली की कोपऱ्यात फट येते.

७. पॉलिश किंवा रंग

फ्रेम, खाचेची आतली बाजू आणि बिडिंगच्या चारही बाजू, सगळ्याला. खाचेत आणि ओठाच्या मागच्या बाजूला कोरं लाकूड राहिलं तर ते तिरकं बघितल्यावर काचेतून पांढरं चमकतं. खाचेत जाड थर साचू देऊ नका, नाहीतर मोजून ठेवलेली फट तिथेच संपते.

थांबा: पॉलिशच्या आधी सिलिकॉनला हात लावू नका. लाकडाला सिलिकॉन लागलं की त्या जागी पॉलिश धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग उठतात आणि घासून घासूनही पुरते जात नाहीत.

पूर्ण वाळू द्या. हाताला वाळलेलं लागतं ते वरवरचं असतं, त्यावर काच दाबली की चिकटते.

८. काच बसवणं

कापला जाणार नाही असे हातमोजे, बूट, चष्मा. काच उभी धरून न्यायची, आडवी धरली की स्वतःच्या वजनाने वाकते. सुटली तर सुटू द्यायची, पकडायला जायचं नाही.

फ्रेम पालथी, खाली जाड चादर किंवा फोम. काच आधी नुसतीच ठेवून बघा. चारही कोपरे हलके दाबा, कुठेही टक असा आवाज आला नाही पाहिजे. मग बाहेर काढून दोन्ही बाजू आणि कडा पुसून घ्या. धुरकट काच असेल तर तिची खरखरीत बाजू कपाटाच्या आत ठेवा, बोटांचे ठसे त्या बाजूवर पटकन उठतात आणि सहज पुसले जात नाहीत.

ओठावर १ मिमीची फोम टेप लावा, किंवा सिलिकॉनचे ३-४ मिमीचे ठिपके दर १५० मिमीवर द्या, दोन्ही एकदम नको. ठिपके ओठाच्या आतल्या काठापासून लांब, खाचेच्या भिंतीकडे ठेवा, दाबल्यावर पसरून समोर येणार नाहीत. चौफेर अखंड सिलिकॉन भरायची हौस अनेकांना असते, त्याचा उपयोग एवढाच की काच बदलायची वेळ आली की फ्रेमही फोडावी लागते. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं आरशाच्या पाठीचा थर खातं आणि पितळी-लोखंडी सामानालाही डागतं.

आता फटीतले आधार, जे जवळजवळ कोणीच घालत नाही. काच खालच्या पट्टीवर थेट टेकू नये आणि दार खाली लोंबू नये म्हणून दीड मिमी जाडीचे प्लास्टिकचे तुकडे फटीत घालायचे. जुनं बँकेचं कार्ड पाऊण मिमीच्या आसपास जाड असतं, त्याचे दोन थर केले की बरोबर माप येतं. २५ मिमी लांब आणि काचेच्या जाडीएवढ्या रुंदीच्या पट्ट्या कापा. कुठे घालायच्या, तर खाली बिजागरीच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ काचेच्या खालच्या आणि बाजूच्या कडेला, आणि त्याच्या कर्णात समोर, म्हणजे वर हँडलच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ, तिथेही वरच्या आणि बाजूच्या कडेला. याने काच फ्रेममध्ये तिरक्या टेकूचं काम करते आणि हँडलचा कोपरा खाली यायला बघतो तो थांबतो. खालच्या कडेला हँडलच्या टोकाकडे आणखी एक सैलसर तुकडा ठेवा, काच तिरकी होणार नाही. तुकडे बोटाने सरकतील इतपतच घट्ट, ठोकून घालायचे नाहीत.

थांबा: फ्रेम पालथी आहे, म्हणजे डावं-उजवं उलटं झालंय. बिजागरीची भोकं बघून बाजू ठरवा, अंदाजाने नको.

बिडिंग नंबरप्रमाणे ठेवा, आखूड आधी. खिळे बिडिंगमध्ये आधीच इतके ठोकून घ्या की टोक पलीकडून जेमतेम डोकावेल. मग काचेवर जाड पुठ्ठा पसरा आणि छोटी हातोडी आडवी, पुठ्ठ्याला टेकवून, त्यावरून सरकवत सरकवत मारा. हवेत उचलून मारायचं नाही. खिळा काचेला समांतर गेला पाहिजे. तिरका होऊन टोक खाली काचेच्या कडेकडे गेलं तर काच लगेच तरी फुटते किंवा तिथून पुढे कधीतरी. २० मिमीचा खिळा बस झाला, १० बिडिंगमध्ये आणि १० फ्रेममध्ये. टफन काचेच्या कडेला तर फार जपा, तिचा मधला भाग बराच मार सहन करतो पण कडेला बारीक टोक लागलं की अख्खी काच एकदम विखुरते.

हवेच्या नेलगनने काम पटकन होतं खरं, पण बारीक पिन लाकडाच्या रेषेला लागून वळते आणि वळली की कुठे जाते ते दिसत नाही. काच बसलेली असताना मी नेलगन वापरू नका असंच सांगेन. पुढे काच बदलावी लागेल असं वाटत असेल तर खिळ्यांऐवजी बारीक पितळी स्क्रू लावा, भोकं १५० ते २०० मिमीवर. आवळताना बिडिंग काचेला टेकली की थांबायचं, पिळायचं नाही.

तपासा: बोटाच्या पेराने काचेवर मध्ये आणि कोपऱ्यांत टकटक करा. खुळखुळ आली तर त्या जागची बिडिंग सैल आहे. सैल बिडिंग खिळा जोरात मारून घट्ट करू नका, काढून तिच्याखाली टेपचा तुकडा घाला.

९. टांगणं आणि नंतरचं

सिलिकॉन वापरलं असेल तर दार २४ तास आडवंच राहू द्या. समोर आलेला एखादा ठिपका ओला असताना पुसू नका, पसरतो, वाळल्यावर ब्लेड आडवं धरून उचला.

टांगताना दुसरा माणूस हवा. वजनाने दार रिकाम्यापेक्षा थोडं खाली आलेलं दिसेल, ते बिजागरीच्या स्क्रूने वर घ्या. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा बघा, कारण स्क्रू लाकडात थोडे बसतात. दार आदळतं तिथे रबरी बटणं चिकटवा, काचेच्या दाराला ती लागतातच.

कधी काच फुटली तर आधी उरलेल्या तुकड्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी आडवीतिडवी लावा, मग दार उतरवा. बिडिंग काढायला सुरुवात लांबच्या पट्टीच्या मध्यापासून करा, पातळ पुट्टीची पट्टी घालून हळू उचला. मध्ये वाकली की टोकं आपोआप सुटतात, कोपऱ्यातून उचकटायला गेलात तर ४५ चे कोपरे तुटतात. जुने खिळे मागच्या बाजूने पक्कडीने ओढून काढा, उलटे ठोकले तर बिडिंगची समोरची बाजू फुटते. खाचेतलं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, आणि नवीन काच मागवण्याआधी जुना नमुना पुन्हा खाचेत टाकून बघा, मधल्या काळात लाकूड थोडं हललेलं असू शकतं.